दांडीवरचं तेल

चार वर्षं दिपाली पाण्याच्या लोखंडी पाइपावर झुलली. वळसंगच्या मेंढपाळाची ही पोर जिम्नॅस्टिक्स शिकायला सोलापुरात आली, तेव्हा क्रीडामंडळात पाइपाशिवाय काही नव्हतंच. खरे अनइव्हन बार, एक लाकडी दांडी उंच अन् एक ठेंगणी, दिवाळीत आले. पण उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून आठ महिने प्लास्टिकात गुंडाळून कुलपात पडले. पोरींनी नुसतं खिडकीतून बघायचं. तारीख मिळाली ती नेमकी इथंच होणाऱ्या राज्याच्या निवड चाचणीच्या सकाळची.

प्रशिक्षक चिंतामणी सरांनी यथासांग पूजा मांडली. स्टुलावर चढून या भल्या माणसानं दोन्ही दांड्यांवर, हात धरायचा बरोबर तिथंच, तेलात कालवलेल्या कुंकवानं स्वस्तिकं काढली. पाहुण्यांनी नारळ फोडून पाणी शिंपडलं, बुटांसकट गादीवर चढले आणि फोटोपुरती खालची दांडी धरली. हात लाल झाले. लगेच तिघं धावले, ओला रुमाल आला, एकेक बोट पुसून झालं. दांड्या तशाच राहिल्या.

दिपालीनं तळव्यांना पांढरी पावडर लावून उडी मारली, वरची दांडी धरली आणि लगेच सोडली. तळव्यावर लाल चिखल झाला होता.

“सर, हात सुटंल की. पुसू का?”

“पहिल्याच दिवशी देवाचं पुसतेस? काही होत नाही गं. आणि पाहुणे बसलेत अजून.”

दिपालीला या माणसांची शिसारी आली. वरून डोक्यावर पडणार ती, आणि काळजी कुणाची, तर खुर्चीतल्या पाहुण्यांची. तिनं खुर्चीखाली टाकलेला तोच रुमाल उचलला, स्टुलावर चढली आणि सगळ्यांदेखत दांडी घासायला लागली. सर हां हां करत राहिले. कुंकू गेलं. तेल मात्र लाकडात मुरलं होतं, ते काही जाईना.

“मॅडम, ह्यावर मी न्हाय चढणार,” ती निवड समितीच्या बाईंना म्हणाली. “मागं पाइप हाय, तितं चला की. सगळं करून दावते.”

“पाइपावरचं गुणांत धरता येत नाही, बाळ.” बाईंनी पेन उघडलं. “न खेळलेल्यांसाठी शेरा एकच आहे.”

टेबलाला टेकून दिपाली बघत राहिली. बाईंनी तिच्या नावापुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, गैरहजर.