फोटोवरचा टिळा

मित्रांनो, कोपरा कापलेला एक जुना पासपोर्ट तुमच्याशी बोलतो आहे. मी कोणत्याच देशात गेलो नाही. त्यामुळे माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच शंका वाटते.

मी कोल्हापूरच्या गणपतराव मास्तरांचा. तीस वर्षे त्यांनी भूगोल शिकवला. फळ्यावर आल्प्स पर्वत काढताना बर्फासाठी ते खडू आडवा धरून हलकेच घासत. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने मला काढले. पण स्वभाव भिडस्त. आठ वर्षे मी कपाटातच राहिलो.

मग एके दिवशी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, काचबिंदू वाढतोय. जे बघायचं ते यंदाच बघून घ्या."

निवृत्त शिक्षकांची एक सहल मे महिन्यात स्वित्झर्लंडला निघणार होती. मास्तरांनी प्रथमच स्वतःहून नाव दिले. विमा, हॉटेलचे आरक्षण, फोटो, सगळे फाईलला लागले. पुण्याच्या व्हिसा केंद्रात सर्वांची एकाच दिवशी वेळ ठरली.

निघायच्या सकाळी त्यांच्या पत्नी बनाबाई कुंकवाची वाटी घेऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्या स्वतः सहलीला जाणार नव्हत्या.

"टिळा लावून घ्या की."

"नको गं. तिथं लोक बघत्यात."

"मग तुमच्या फोटोला लावते. त्याला कोण बघतंय?"

त्यांनी मला उघडले आणि फोटोतल्या मास्तरांच्या कपाळावर ओले कुंकू टेकवले. खरे सांगतो, मला बरे वाटले. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता.

गाडीत मास्तरांना तो टिळा दिसला. घाबरून त्यांनी ओल्या रुमालाने तो पुसला. फोटोच्या पानावरचा प्लास्टिकचा पापुद्रा कडेने सुटलेला होता. कुंकू आत उतरले आणि खालच्या अक्षरांपर्यंत पसरले.

केंद्रातल्या मुलीने मला दोनदा यंत्रात धरले. "काका, हे काय सांडलंय?"

"कुंकू. माझ्याच हातनं झालं."

"असा पासपोर्ट चालणार नाही. नवा काढून पुन्हा अर्ज करावा लागेल."

मागे उभे असलेले, सहलीतलेच सयाजी गुरुजी म्हणाले, "गणपतराव, पासपोर्टाचं लगीन लावलासा काय?" सगळे हसले. मास्तरही हसले आणि मला मिटून त्यांनी खिशात घातले.

नवा पासपोर्ट आला, तोवर सहल जाऊन परतली होती. दिवाळीपर्यंत मास्तरांना समोरच्याचा चेहराही ओळखू येईना. रद्द होऊन, कोपरा कापून परत मिळालेल्या मला त्यांनी पुस्तकांमागे लपवले. बनाबाईंना सांगितले, "अर्जात जन्मतारीख चुकली माझी." खरे सांगणार नाही, असा शब्द सयाजी गुरुजींकडूनही घेतला.

आजही पाहुणे आले की बनाबाई म्हणतात, "साऱ्या जगाचा भूगोल शिकवला, आन् आपलीच जन्मतारीख ध्यानात ऱ्हाईना बघा!" मास्तर नुसती मान हलवतात.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा. डाग पडलाच, तर पाणी लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि घरातले कोणी मायेने टिळा लावू लागले, तर लोक बघतील म्हणून मागे सरू नका. आपले कपाळ पुढे करा. ते धुता येते.