दादाच्या वाट्याची हिरवळ

ठिणगीनं आयुष्यात लबाड्या बऱ्याच केल्या, पण इतकी अंगाशी आलेली ही पहिलीच. ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बोलता बोलता पेटायची म्हणून आत्यानं ते ठेवलं, आणि पस्तिशी आली तरी ते विझलं नव्हतं. मागल्या वर्षी ती नवऱ्याला सोडून आत्याच्या गोठ्यावर आली. नवरा म्हणतो, मीच तिला सोडलं. जाऊ द्या, दोघंही सुटले.

सुटली खरी, पण आत्याच्या घरात तिला मिळाली मागची खोली, तीही दादाच्या जुन्या गादीसकट. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. तो आधीपासूनच तिथं ठाण मांडून बसला होता. कुणी आलं की हा सांगणार, "ही आमची पाहुणी." वर्ष झालं तरी पाहुणीच! ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपलं म्हणावं असं वीतभर काहीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं.

अशात आत्याच्या गुडघ्यांनी संप केला. तिनं लग्नाच्या भानगडीत न पडता सगळा जन्म गाईंच्या मागं काढला होता. एके सकाळी धार काढता काढताच तिनं फर्मान सोडलं, "मला कुरण झेपत नाही आता. अर्धं तू घे, अर्धं तू. एक हंगाम सांभाळा, मग मी बघायला येते. ज्याला कुरण कळलं, सगळं त्याचं. दुसऱ्यानं आपली वाट धरायची. आणि गाई सगळीकडं फिरतील, त्यांना तुमच्या भांडणात ओढायचं नाही."

कुरणाच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. रेघेवर गाईंसाठी पाण्याचं टाकं ठेवलं, त्याच्या शेजारी चाटायला मिठाची वीट.

ठिणगी कामाला लागली. तिनं आपल्या अर्ध्यात, गवताच्या मधे मधे, लसूणघास पेरला. लसूणघास म्हणजे वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातला. या कुळाच्या मुळांवर बारक्या गाठी येतात, गाठींत जंतू राहतात, आणि ते हवेतलं नत्र धरून झाडाला खाऊ घालतात. खताची गोणी नको, काही नको. पानं-मुळं कुजली की तेच नत्र शेजारच्या गवतालाही मिळतं. गवत बिचारं जन्माचं भुकेलं, त्याला असा शेजार म्हणजे लॉटरीच. दादानं आपल्या अर्ध्यात काय टाकलं? खाट. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा नागोबा घोरायचा.

लसूणघास तरारून वर आला. ठिणगीनं तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खाटेवर पसरलेला तो देह बघून तिच्या डोक्यात किडा वळवळला. जिथं पाणी तिथं गाई, आणि जिथं गाई तिथं चिखल. मग टाकं दादाकडंच का असू नये? एका दुपारी दादा ढाराढूर झोपलेला असताना तिनं टाकं रिकामं केलं, घामाघूम होत ते रेघेपलीकडं, पार दादाच्या अर्ध्याच्या मधोमध ओढत नेलं आणि पाइप लावून पुन्हा भरलं. मिठाची वीटही नेली. दादा उठला, त्याच टाक्यात त्यानं तोंड धुतलं आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

"तुडवा गं बायांनो," ठिणगी गाईंना म्हणाली. "खूप तुडवा."

गाईंनी तुडवलं. टाक्याभोवती चिखल झाला, तो बघून ठिणगीला रोज गोड झोप लागू लागली. पण हंगाम संपत आला तेव्हा तिनं एकदा कुरणाकडं नीट बघितलं. चिखलाचं ते कडं सोडलं तर दादाचं गवत मांडीएवढं वाढलेलं, हिरवंगार, काळपट म्हणावं इतकं हिरवं. आणि तिचं अर्धं? नुकतंच टक्कल केलेल्या डोक्यासारखं.

"हे कसं झालं?" म्हणत ती बांधावर बसली. समोर बांडी गाय चरत होती. सकाळभर तिनं ठिणगीचा लसूणघास मन लावून खाल्ला. मग मान वर केली, रेघ ओलांडली, पाणी प्यायली, मीठ चाटलं, आणि तिथंच उभी राहून शेपूट वर केलं. आधी धो धो धार, मग थपाथप शेण. तिच्यामागं दुसरी आली. मग तिसरी.

"माझं नत्र!" ठिणगी ओरडली. "अगं सटव्यांनो, ते माझं नत्र आहे!"

बांडीनं तिच्याकडं बघत आणखी एक थाप टाकली. हंगामभर हेच चाललं होतं. जेवण ठिणगीकडं, परसाकडं दादाकडं. शिवाय आपण घाण केली तिथल्या गवताला गाय बरेच दिवस तोंड लावत नाही, म्हणून दादाचं गवत उभंच्या उभं राहिलं. आणि टाकं तिकडं नेलं कुणी? ठिणगीनं कपाळावर हात मारून घेतला. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा, तोही ओढत नेऊन!

ठरल्या दिवशी आत्या काठी टेकत आली. दादानं केसांना तेल लावलं होतं.

"बघ आत्या," तो म्हणाला, "मी काही ढवळाढवळ केली नाही. निसर्गाला त्याचं काम करू दिलं."

"दिसतंय खरं," आत्या म्हणाली, आणि तिनं ठिणगीच्या टकलाकडं बघितलं. "तुझं काय गं?"

गप्प राहिलं तर उद्या पिशवी भरायची. बोललं तर लबाड म्हणून आजच. ठिणगीला मागची खोली आठवली, ती गादी आठवली, आणि तिचा आवाज फुटला.

"ते गवत माझं आहे आत्या. गाईंनी खाल्लं माझ्याकडं आणि हगल्या त्याच्याकडं. कारण टाकं मी तिकडं सरकवलं. त्याचं कुरण नासावं म्हणून. वाईट बुद्धीनंच केलं."

"ऐकलंस?" दादा नाचायलाच लागला. "चोर! तरीच म्हटलं!"

आत्यानं वाकून लसूणघासाचं एक रोप उपटलं. मुळावरची गाठ नखानं फोडली. आत लालसर होती, म्हणजे जंतू कामावर होते. तिनं ती निरखून बघितली आणि शांतपणे विचारलं, "दादा, टाकं कधी सरकलं रे?"

"अं? काल-परवा असेल."

"आधी कुठं होतं?"

दादानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "इथंच. म्हणजे... इथंच होतं ना?"

आत्या इतकी हसली की काठी हातातून पडली. "हंगामभर त्यात तोंड धुतलंस गाढवा! तू उद्यापासून डेअरीत कॅन धुवायला जा, माझी ओळख आहे तिथं." मग ती ठिणगीकडं वळली. "आणि तू. मनानं कुजकी आहेस, आणि धड कुजकेपणाही जमत नाही तुला. पण नत्र कुठून निघालं आणि कुठं गेलं, एवढं तरी बघितलंस. कुरण तुझं."

"सगळं?"

"शेणासकट."

ठिणगी तिथंच खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. या घरात आल्यापासून तिला रडायलाही परक्यासारखं वाटत होतं. आत्यानं पडलेली काठी उचलली आणि तिला ढोसलं.

"पुरे आता. फावडं आण. मालकीणबाई, तुमचं शेण वाळायला लागलंय."