एका कुटुंबाला दोनच

त्या गुरुवारी आईनं थोरलीला बिलाच्या तिसऱ्या रांगेत उभं केलं आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. मध्ये एक रांग सोडायची, हा नियम होता. शेजारच्याच रांगेत उभं राहिलं की नजर जाते, नजर गेली की हसू येतं, आणि हसू आलं की हातातल्या तेलाच्या बाटल्या परत फळीवर जातात.

दुकानाच्या दारातच पाटी होती: ‘तेलावर सवलत. एका कुटुंबाला दोनच.’ त्या शेवटच्या ‘च’शी आईचं तीस वर्षांचं वैर होतं. थोरली एका प्रकाशनाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांचे ‘च’ कापण्याचाच तिला पगार मिळे, पण हा एक ‘च’ कापणं तिच्या हातात नव्हतं. मग उपाय एकच. दुकानात पाऊल टाकलं की मायलेकी अनोळखी. वय त्रेचाळीस, स्वतःचा संसार, हाताखाली चार माणसं. पण गुरुवारी संध्याकाळी थोरली ही आईची दुसरी टोपली होती, बस्स.

पहिल्या काउंटरवर चष्मेवाले होते. चष्म्याला दोरी बांधून तो गळ्यात अडकवणारे, बारा वर्षं तिथंच बसणारे. एका गुरुवारी आई त्यांच्या रांगेत, तर पुढच्या गुरुवारी थोरली, अशी पाळी ठरलेली होती. आज आई होती. तिनं आपल्या दोन बाटल्या पुढे सरकवल्या आणि हनुवटीनं तिसऱ्या रांगेकडे खूण केली.

“बघा त्या बाई. टोपली बघा. दिसलं की उचलायचं. घरात खाणारी तोंडं किती, याचा विचार नाही.”

“असतात एकेक, आजी,” चष्मेवाले हळहळले.

“वळण लावलेलं नसतं हो कोणी.”

थोरली बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर मन लावून वाचत राहिली. पीठ, साखर, मीठ. पुन्हा पीठ, साखर, मीठ. मान वर केली असती तर सगळं संपलं असतं.

औषधाच्या दुकानापाशी रस्ता वळत होता. तिथवर अनोळखी राहायचं, पलीकडे पुन्हा मायलेकी. आई आधी पोचून थांबली होती.

“वळण नाही लावलं?” थोरली म्हणाली.

“शंका यायला नको. आधीच तो माणूस बारीक नजरेचा.”

“आई, मी माझ्या पगारातून तुला दहा बाटल्या आणून देईन.”

“पूर्ण किमतीला?” आईनं अशा आवाजात विचारलं, की जणू पोरगी दरोड्याचं बोलतेय. मग थोरलीच्या हातातल्या बाटल्या आपल्या पिशवीत घालत ती नेहमीचं वाक्य म्हणाली, “पण छान निभावलंस हं.”

हे वाक्य ऐकलं की थोरली आईच्या तोंडाकडे बघायची. तीस वर्षं बघत आली होती. त्या तोंडावर काही वेगळं दिसतंय का, हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं.

आईच्या घरी आल्यावर दोघी मागच्या खोलीत गेल्या. ती खोली खरं तर झोपायची. पण लग्नानंतर दोनच वर्षांत आईनं तिथला पलंग हलवला आणि बाबांकडून तिन्ही भिंतींना फळ्या ठोकून घेतल्या. साबण, धुण्याची पावडर, तांदूळ, पीठ, साखर, चहा, तेल, काड्यापेट्या. प्रत्येक पुड्याच्या कपाळावर जाड पेनानं तारीख. नवं मागे, जुनं पुढे. पुढचं घ्यायचं, मागच्याला हात लावायचा नाही. आठवड्याचे पैसे हातात आले की त्यातला दहावा हिस्सा आधी बाजूला निघे. तो सवलतींचा. उरलेल्यात घर. भाव तिला तोंडपाठ होते, तेही आजचे नव्हेत, तर गेल्या दोन वर्षांत ती वस्तू कमीत कमी कितीला मिळाली ते. धुण्याची पावडर दर आठव्या आठवड्याला स्वस्त होते, हे तिनं हेरलं होतं. त्यामुळे ती आठ आठवड्यांची पावडर भरायची. वर एक आठवडा जास्तीचा. त्याला ती पाहुण्यांचा आठवडा म्हणायची, आणि तसा तो प्रत्येक जिनसाचा होता.

जे खपत नाही ते स्वस्त नाही, असं तिचं म्हणणं. या हिशेबात ती एकदाच चुकली. अर्ध्या किमतीला मिळतात म्हणून बारा डझन मेणबत्त्या आणल्या, आणि मग वीज काही केल्या जाईना. पुढची तीन वर्षं ती विजेवर रुसून होती.

नातेवाईक या घराला गोदाम म्हणत आणि आईला गोदामवाली. मावशी तर फोनवर पहिलं वाक्य ‘गोदाम उघडं आहे का?’ असंच बोलायची. सगळे हसत. थोरली हसायची नाही आणि रागवायचीही नाही. ती खाली बघायची.

“आई,” बाटल्यांवर तारखा घालताना ती म्हणाली, “मी शाळेत असताना ती डॉक्टरची मुलगी होती, आठवते तुला?”

“पीठ मागे सरकव आधी. आजचं पुढे ठेवलंयस.”

थोरलीनं पीठ मागे सरकवलं.

“हं, काय म्हणत होतीस?”

“काही नाही. पुढच्या गुरुवारी सांगेन.”

सांगायचं होतं ते एवढंच होतं. थोरली तेरा वर्षांची असताना एका संध्याकाळी अशाच दोन रांगा संपवून त्या बाहेर पडल्या. आई पुढे गेली होती. अंगात बाबांचा जुना कोट, दोन्ही हातांत पिशव्या आणि काखेत साबणांचा खोका. औषधाचं दुकान मागे पडलं होतं, म्हणजे नाटक संपलं होतं. तेवढ्यात वर्गातली डॉक्टरची मुलगी समोरून आली. ती मोजेसुद्धा इस्त्रीचे घालायची. पुढे उभ्या असलेल्या आईनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्या मुलीनं विचारलं, “ती बाई तुला बोलावतेय का? कोण तुझी?”

“कोणी नाही,” थोरली म्हणाली.

आई सहा पावलांवर होती. तिनं उघडलेलं तोंड मिटलं. रस्त्यातल्या खांबाकडे बघावं तसं लेकीकडे बघितलं, खोका या काखेतून त्या काखेत घेतला आणि ती चालू लागली. घरी आल्यावर पिशव्या रिकाम्या करता करता म्हणाली, “छान निभावलंस. पण वळणानंतर नसतं केलंस तरी चाललं असतं.”

आईला ते खरंच नाटक वाटलं होतं, की तिनं ते नाटक ठरवून लेकीची सुटका केली होती? थोरलीनं कधी विचारलं नाही. नंतर तिनं ढीगभर पुस्तकं वाचली, त्यांतल्या माणसांच्या कबुलीजबाबांतल्या वेलांट्या सुधारल्या. स्वतःचा कबुलीजबाब मात्र तोंडातच राहिला.

मंगळवारी दुपारी आई जेवून आडवी झाली, ती उठली नाही.

तिला पोचवून आल्यावर घर माणसांनी भरलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे सगळं थोरलीवर आणि धाकट्या भावावर आलं. धाकटा दुसऱ्या गावाहून रात्रभर गाडी चालवत आला होता. तो फोन हातात घेऊन दारात उभा राहिला आणि बोटांवर मोजू लागला.

“चाळीस माणसं धर. दिवसातून दोनदा चहा. कप लागतील. साखर, दूध, काहीतरी खायला. आणि हात धुवायला साबण तरी आहे का? मी मागवतो सगळं. किती मागवू?”

थोरलीनं त्याच्या कोपराला धरून त्याला मागच्या खोलीत नेलं आणि दिवा लावला.

धाकटा बरीच वर्षं त्या खोलीत शिरला नव्हता. तो फळ्यांवरून नजर फिरवत गेला. चहा. साखर. दुधाच्या भुकटीचे पुडे. बिस्किटं. कागदी कप, पन्नासाची एक अशा आठ चळती. तांदूळ, तेल, पीठ. साबण तर एखाद्या शाळेला पुरेल इतका. त्यानं साखरेच्या पहिल्या पुड्यावरची तारीख वाचली आणि आईच्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

“हे सगळं...” तो म्हणाला.

“पाहुण्यांचा आठवडा,” थोरली म्हणाली. “मोजून ठेवलेला असतो. पुढचं आधी घे.”

त्यानं फोन खिशात ठेवला.

चार दिवस लोक येत राहिले. चार दिवस चहा उकळत राहिला. एकदाही कोणाला दुकानात पिटाळावं लागलं नाही. एकदाही कोणी ‘हे संपलं’ म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर आलं नाही. ट्रे घेऊन फिरताना थोरलीच्या लक्षात आलं, की आपली पाठ ताठ आहे. रडून रडून डोळे चुरचुरत होते आणि पाठ ताठ होती. आपल्या आईनं तिच्यासाठी आलेल्या माणसांना काही कमी पडू दिलेलं नाही, हे तिला त्या चाळिसांतल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी मावशीनं कप खाली ठेवला. “गोदामवाली गेली, पण गोदाम चालू आहे.”

खोलीत हलकं हसू उमटलं. धाकटाही हसला. थोरलीची मान सवयीनं खाली गेली.

“हसू नका रे,” मावशीच म्हणाली. “मी हसले जन्मभर, तेवढं पुरे. कारखाना बंद पडला होता तेव्हा हिनंच तारलं. तुम्हाला, आणि थोडंफार मलाही.”

“कुठला कारखाना?” धाकट्यानं विचारलं.

“तुझ्या बापाचा. सात महिने टाळं होतं.”

“छे. बाबा रोज डबा घेऊन कामाला जायचे. मला आठवतंय.”

“डबा घेऊन जायचे. कामाला नाही, काम शोधायला. आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला घरी. ताईचा हुकूम होता, पोरांना कळता कामा नये. एक पगार नाही आला त्या सात महिन्यांत, पण बाजारातून दूध आणि भाजी सोडून तिनं काही आणलं नाही. त्यातही तेल, साबण कुठे पडेल भावात मिळाला तर थोडा भरून ठेवायची. म्हणायची, आठवा महिना आला तर? आणि मी गेले की माझ्या पिशवीत दोन वड्या साबण टाकायची वर.”

“कधीची गोष्ट ही?” थोरलीनं विचारलं.

“तू आठवीत होतीस. तुला चष्मा लागला त्या वर्षी.”

थोरलीनं त्या वर्षातली एखादी उणीव आठवून पाहिली. ताटात न आलेलं काही, न मिळालेली वही, पाणी घातलेलं दूध. काहीच सापडेना. साबणसुद्धा वासाचाच होता. आठवला तो फक्त एक जुना कोट, आणि या काखेतून त्या काखेत गेलेला खोका. आठवीतलीच ती संध्याकाळ.

दारात कोणीतरी चपला काढल्या. चष्मेवाले होते. औषधाच्या दुकानात त्यांना कळलं होतं. ते अवघडून खुर्चीच्या टोकावर बसले आणि आपणहून बोलू लागले.

“बारा वर्षं यायच्या आजी. यंत्रावर भाव चुकला, तर यंत्राच्या आधी त्यांना कळायचं. मागे साहेब नवीन मुलांना शिकवायला आले होते, म्हणाले, माल कसा लावायचा ते बघा. आजी मागे उभ्या. म्हणाल्या, जुना मागे ढकललात, आता तो सडणार. साहेबांनी फळी परत लावून घेतली.” ते किंचित हसले. “आता गुरुवारी चुकल्यासारखं होणार.”

थोरली चहा घेऊन त्यांच्यासमोर आली. चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिला बघितलं आणि ते चकित झाले.

“अरे, तुम्हीही आलात? बरं केलंत.” मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच, ते म्हणाले, “तुमच्याविषयी जरा बोलायच्या त्या कधी कधी. टोपलीवरून. तुम्ही मनात ठेवलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. रांगेतलीच ओळख ना तुमची?”

मावशी आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिली. धाकट्याला काहीच उमगलं नव्हतं. ‘हो’ म्हणणं अगदी सोपं होतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं, आणि आईनं शिकवलेलंही तेच होतं.

थोरलीनं ट्रे खाली ठेवला.

“रांगेतली नाही,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “मी तिची मुलगी. एकाच कुटुंबातल्या आम्ही. बारा वर्षं तुमच्याकडून दोनाच्या जागी चार नेले, आणि अक्कल सगळी तिची. तेरा वर्षांची असताना मला एकीनं रस्त्यात विचारलं होतं, ती बाई तुझी कोण. मी म्हटलं, कोणी नाही. ती ऐकत होती. तिनं ते नाटकात धरलं, पण ते नाटक नव्हतं. मला तिची लाज वाटली होती. तिच्या काखेत तेव्हा आमचं सगळं घर होतं आणि मला लाज वाटली होती. हे मी तिला सांगणार होते, या गुरुवारी. आता तुम्ही विचारलंत, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. ती माझी आई.”