अठरा इंचांची खाच

मी काठी बोलतेय. गुरं हाकायची नव्हे, आणि म्हातारपणी बागेत टेकत फिरायचीही नव्हे. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरांत, पिटमन ओढ्यात कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात माणसाला उभं ठेवणारी, हिकरीच्या अस्सल चिवट लाकडाची काठी आहे मी! मासा धरणाऱ्याचा फोटो निघतो, त्याच्या गळाच्या रॉडचं कौतुक होतं, काठीला कोण विचारतो? पण शेवाळलेल्या गोट्यावरून पाय सटकला की तोंडी देवाचं नाव येतं आणि सगळा भार माझ्यावर येतो. एवढ्यावर मी समाधानी आहे असं म्हणायला हवं. पण खोटं कशाला बोलू, मला मिरवायची हौस आहेच.

मला हार्लन प्रुइटने केलं. तो सुतार होता. ओढ्याकाठी वादळात आडव्या झालेल्या झाडातून त्याने मला फाडून काढलं, दोन हिवाळे वाळवलं, काचेच्या तुकड्याने तासलं आणि अळशीचं तेल पाजलं. मग पट्टी लावून माझ्या खालच्या टोकापासून बरोबर अठरा इंचांवर एक खाच पाडली. हार्लनचं 'बरोबर' म्हणजे बरोबर. त्याने केसाएवढी चूक केलेली मी कधी पाहिली नाही.

आमच्या ओढ्यात स्मॉलमाउथ बास नावाचा मासा राहतो. अंग तपकिरी, डोळे लालबुंद, आणि रग अशी की पावशेराचा मासा माणसाला घाम फोडतो. आमच्याकडे त्याला तपकिऱ्याच म्हणतात. तो वाढतो मात्र फार सावकाश. अठरा इंच व्हायला त्याची दहा-बारा वर्षं जातात. म्हणून प्रुइटांच्या घरात एक नियम झाला. नावेत बसून नाही, काठावर उभं राहून नाही, पाण्यातून चालत जाऊन जो अठरा इंचांचा तपकिऱ्या धरेल, त्याने मासा सोडून द्यायचा, आणि त्याचं नाव तापल्या खिळ्याने माझ्यावर उमटवायचं. पुढचं नाव लागेपर्यंत माझा मुक्काम त्याच्या घरी.

पहिलं नाव हार्लनचंच. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याच्या स्वयंपाकघरात दाराआड उभी होते. त्याची मुलगी लुएला माझ्याच आधाराने पहिल्यांदा प्रवाहात उतरली. पुढे तिने बापाचं सगळं म्हातारपण काढलं. ती गोधड्या शिवते आणि आजही त्याच घरात राहते. मी मात्र तिथून गेले. हार्लनच्या पश्चात, अकरा वर्षांपूर्वी, लुएलाच्या धाकट्या भावाने, डॉयलने, एक तपकिऱ्या धरला. त्याची शेपटी माझ्या खाचेला नेमकी टेकली. डॉयलचं नाव लागलं आणि मी त्याच्या गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी येऊन पडले. फावड्याशेजारी! असो.

त्या माशाची गोष्ट डॉयल दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सांगायचा.

"डॉयल्या, मासा मेला असेल एव्हाना," लुएला म्हणायची, "पण तुझ्या तोंडात अजून वाढतोय बघ."

"जळतेस तू, लू."

जळतच होती ती. मासे तिला पुष्कळ मिळाले, पण पंधरा-सोळा इंचांच्या पुढे एकही गेला नाही. बापाची काठी बापाच्या घरी परत न्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. नुसती मागून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. गेल्या साली तिचा उजवा गुडघा कामातून गेला. ऑक्टोबरात तो बदलायचा होता आणि डॉक्टरने बजावलं होतं की त्यानंतर ओढ्यात पाय ठेवायचा नाही. म्हणजे सप्टेंबरातला शेवटचा शनिवार हा तिचा ओढ्यातला शेवटचाच दिवस.

दोघं भावंडं सकाळी पाण्यात उतरली. गुडघ्यापायी मी लुएलाच्या हाती होते.

"दमलीस तर काठावर बस. तुझ्या वाट्याचे मी धरतो."

"तू जरा गप्प बसलास तर मी धरीन. तुझ्या आवाजाने मासे पार अर्कान्सासला पळालेत."

दुपारपर्यंत नऊ-दहा इंची पोरंसोरंच लागली. वाळूच्या पट्ट्यावर मक्याची भाकरी आणि थंड तळलेली कोंबडी खाऊन दोघं कड्याखालच्या डोहाकडे वळली. तिथे एका मोठ्या दगडामागे पाणी संथ आणि काळं दिसतं. लुएलाने गळाचा रबरी झिंगा दगडाच्या अंगाला अलगद सोडला. दोरी जरा आडवी सरकली, तिने हिसका दिला, आणि तपकिऱ्या पाण्याबाहेर उसळला.

अगं बाई, केवढा तो!

तो खाली प्रवाहात धावला. ती मागे सरकायला गेली आणि उजव्या गुडघ्याने दगा दिला. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात मी. दोन दगडांच्या फटीत मी टोक रोवलं आणि तिचा अख्खा भार घेतला. वाकले, करकरले, पण हलले नाही. त्या नाजूक रॉडांपैकी कुणी हे करून दाखवावं! चार-पाच मिनिटांनी मासा दमला. तिने त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून त्याला धरलं.

डॉयल पाणी उडवत धावत आला. त्याने मला घोट्याएवढ्या पाण्यात आडवं धरलं. माशाचं तोंड माझ्या टोकाला लावलं, आणि शेपटी खाच निसटती ओलांडून गेली.

"गेली! लू, गेली खाचेपलीकडे! काढ खिळा, पेटव चूल!" तो ओरडला. काठी आपल्या घरून जाणार हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. मनाने तो वाईट नाही, नुसता बोलघेवडा आहे.

लुएला हसली आणि तिने माशाच्या अंगावरून ओला हात फिरवला. तिची वीत बरोबर नऊ इंचांची. साठ वर्षं गोधड्यांचे तुकडे तिने त्याच वितीने बेतलेत. एक वीत, दुसरी वीत, आणि तिची करंगळी शेपटीच्या पुढे नुसत्या पाण्यात टेकली. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिचं हसू मावळलं.

तिने मासा सोडून दिला. तो दगडामागे निघून गेला.

"अठरा नव्हता तो," ती म्हणाली.

"खाच ओलांडली की! माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मग खाच खोटी."

माझ्यावर वीजच पडली. मी, हार्लन प्रुइटची काठी, खोटी? तिने मला उलटं केलं आणि माझं खालचं टोक त्याच्यापुढे धरलं. हार्लनने सपाट कापलेलं ते टोक गोल गुळगुळीत झालं होतं. साठ वर्षं मी दगडांवर आपटत होते, झिजत होते, आणि ही शहाणी माणसं त्याच टोकापासून मासे मोजत होती. मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण आपण आखूड झालोय हे कोण आपणहून सांगतं?

ट्रकमधली पोलादी टेप लावली. टोकापासून खाच सव्वासतरा इंचांवर निघाली.

डॉयलने मला हातात घेतलं. तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसला आणि माझ्यावरच्या आपल्या नावावरून अंगठा फिरवायला लागला.

"माझा मासा खाचेला नुसता टेकला होता, लू."

"अकरा वर्षांपूर्वी काठी जास्त लांब असेल."

"अठरा होती?"

लुएला टेप गुंडाळायला लागली. मनात आणलं असतं तर ती मघाशीच गप्प बसली असती, नाव लागलं असतं, मी तिच्या घरी गेले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता.

डॉयलने खिशातला चाकू काढला.

"ए, वेडा झालास का? राहू दे!"

"तू तुझं नाव लावून घेतलंस का? मग मला कशाला थांबवतेस?" म्हणाला, आणि आपलं नाव खरवडायला लागला. दुखलं मला, पण मी हूं की चूं केलं नाही. सगळं नाव गेल्यावर त्याने मला बहिणीच्या हातात दिलं. "घे. आता शेवटचं नाव डॅडींचं. त्यांच्या घरात तू राहतेस. नियम म्हणजे नियम."

लुएला मला छातीशी धरून रडली. डॉयल नाक शिंकरत कोंबडीचा उरलेला तुकडा शोधत होता.

मग त्यानेच टेप लावून माझ्यावर नवी खाच पाडली, वरच्या टोकापासून, जिथे दगड लागत नाही, फक्त हात लागतो. तुम्हीही कुणाला मोजाल तर न झिजणाऱ्या टोकापासून मोजा, एवढं या काठीचं ऐका.

आता मी पुन्हा स्वयंपाकघरात दाराआड असते. पूर्वीपेक्षा पाऊण इंचाने बुटकी आहे, एका अंगाला पांढुरकी खरवड आहे, आणि कुणी आलं की तीच बाजू पुढे करून उभी राहते. लुएलाचा नवा गुडघा छान वळतो. रोज सकाळी मला घेऊन ती पायऱ्या चढते-उतरते. काल डॉयलने विचारलं, "डॉक्टर अजून नाहीच म्हणतो का गं?"

"म्हणू दे. त्याने कधी मासा धरलाय?"

तेव्हा कड्याखालच्या तपकिऱ्या, तुला एकच सांगणं आहे. झिंगे खा, पुराच्या पाण्यात दगड सोडू नकोस, दुसऱ्या कुणाच्या गळाला लागू नकोस. आम्ही दोघी येतोय. आम्हाला तुझा अजून फक्त पाऊण इंच हवाय.