वरच्या खुणेपर्यंत तेल

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी. गॅरेजात मला डिपस्टिक म्हणतात. जन्मभर एकच काम केलं. बाहेर यायचं, पुसून घ्यायचं, पुन्हा तेलात बुडायचं आणि तेल कुठवर आहे ते दाखवायचं. माझ्या टोकाला दोन खुणा आहेत. खालची म्हणजे तेल कमी, वरची म्हणजे भरपूर. आता खरं सांगायचं तर फार थकले आहे.

आमची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी राळेगावकडच्या मारोतरावांनी जुनीच विकत घेतली, ती काही मिरवायला नव्हे. त्यांच्या बायकोच्या, मैनाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना यवतमाळला डायलिसिसला न्यावं लागे. जाताना एसटी चालली असती, पण येताना त्या पार गळून जात, उभंही राहवत नसे. मागच्या सीटवर उशी घेऊन त्या डोळे मिटून पडत आणि मारोतराव खड्डे चुकवत गाडी सावकाश आणत.

मारोतरावांचा गाडीवर भारी जीव. निघण्याआधी बॉनेट उघडून ते मला खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसत. मला इतकं जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेल जरा खाली दिसलं की घरातून ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा आणत. महागाचं, जाड तेल.

"एवढं मोठं धूड याच्यावर नांगरते, तू तं मजेत धावशीन," असं ते गाडीला म्हणत.

तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण माझ्या शेजारीच होतं. या इंजिनाला कोणतं तेल लागतं, ते त्यावर छापलेलं होतं, पाच डब्ल्यू तीस. म्हणजे पातळ तेल. पण त्या अक्षरांवर मळाचा थर बसला होता. तो कोणी पुसला नाही, पुसायचे ते मलाच.

थंडीच्या सकाळी ते जाड तेल तळाशीच रेंगाळे. ते वर पोचेपर्यंत आतले भाग कोरडेच एकमेकांवर घासत. मी ऐकत असे, आणि जीव कासावीस होई. पण मला बाहेर काढलं की मी दाखवायची वरची खूण! "फुल हाय," म्हणत मारोतराव समाधानानं बॉनेट लावत. तेल किती, ते मला सांगता येतं. कोणतं, ते सांगायला मला तोंड नाही.

गेल्या हिवाळ्यात, डायलिसिसहून परतताना, इंजिन खडखडलं, लाल दिवा लागला आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागून आलेल्या एसटीत मैनाबाईंना जागा मिळाली नाही. बसच्या पायरीजवळ, नवऱ्याच्या पायाला टेकून त्या घरी पोचल्या. हे मला पुढे गॅरेजात, त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

अय्यूब मिस्त्रींनी इंजिन खोललं. बोटावर तेल घेऊन विचारलं, "भाऊ, कोन्तं तेल टाकून राह्यले तुमी?"

"ट्रॅक्टरचं. म्या कधी कमी पडू देल्लं नाई, अय्यूबभाई."

"कमी नाई पडलं. पन हे तेल हिचं नोतं. हिले पातळ लागते." मिस्त्रींनी बोट पुसलं. "इंजिन गेलं, भाऊ. दुसरं जुनं पाहून बसवून देतो."

मारोतराव मटकन टायरवर बसले. "म्या तं चांगल्यात चांगलं देल्लं होतं."

मैनाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, तेवढी ताकदच नव्हती.

"तुमी माह्यासाठी नारळपानी आनत होते ना," त्या हळूच म्हणाल्या. "किडनीले चालत नाई, डॉक्टरनं सांगतलं होतं. तुमी ऐकत नोते, मायेनं आनत होते. म्या गुपचूप जास्वंदीले टाकत होती. गाडी बिचारी कुठी टाकीन?"

मारोतराव उठून त्यांच्याजवळ आले. मग त्यांनी विचारलं, "आता काय चालते वं तुले?"

"घोटभर पानी. मोजून."

मित्रांनो, माझ्या जागी आता दुसऱ्या इंजिनाची पट्टी आली आहे. मी गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते. तुमच्याकडे एवढंच मागते. जीव लावा, पण ज्याच्यावर लावाल त्याला काय सोसतं, ते आधी विचारा. मारोतरावांनी त्या दिवशी गॅरेजात मैनाबाईंसाठी बाटलीच्या बुचात पाणी ओतलं. एक थेंबही जास्त पडू दिला नाही.