पोरीचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. अंगाने आडवा, रंगाने कधीकाळी पांढरा. चालू झालो की गुरगुरतो आणि बंद होताना एक हिसका देतो. माझी पहिली नोकरी मूर्तिजापूर स्टेशनाबाहेरच्या कुल्फीच्या दुकानात होती. उन्हाळ्यात माझ्यासमोर ही गर्दी! मग दुकान बसलं आणि मी भंगाराच्या हातगाडीवर चढलो. माझा खेळ संपला असंच मी धरून चाललो होतो. तेवढ्यात एका बाईने गाडी थांबवली आणि माझं झाकण उघडून आत डोकं घातलं.

ती डॉक्टर संघमित्रा. घरी तिला पिंकी म्हणत. ध्रुवावरच्या समुद्रात काय काय जगतं, याचा अभ्यास करायला गेलेली आपल्या वऱ्हाडातली पहिली बाई! जिथे मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघेल, तिथली पोट्टी बर्फावर निघाली म्हटल्यावर लोक हसले. बाईमाणसाची जहाजावर सोय नाही, असं सांगून साहेबलोकांनी तिला आधी वाटेला लावलं. पण तिची आई मनकर्णाबाई खमकी. ती म्हणाली, "जाय वो पोरी. सोय नसन तं करून घे." आणि पोरगी गेली. एकदा नाही, कितीतरी वेळा गेली.

तिथे ती काय करायची, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे. समुद्रावर बर्फाचा जाड थर धरतो. त्या थराच्या पोटाला शेवाळ लागतं. क्रिल नावाचे झिंग्यासारखे इवलेसे जीव असतात, त्यांची पिलं हिवाळाभर ते शेवाळ खरवडून जगतात. त्या क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे जगतात. "बर्फ पातळ झाला की पिलं उपाशी मरतात, आणि मग वरच्यांचीही उपासमार," असं ती घसा कोरडा होईस्तोवर सांगत फिरली. तरुणपणी आणलेला तो बर्फ, ते शेवाळ आणि ती पिलं तिने लहान लहान कुप्यांत गोठवून ठेवली होती.

पुढे वडील आजारी पडले म्हणून ती घरी परतली आणि अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवू लागली; अधूनमधून बर्फावर जाणं मात्र चालूच राहिलं. तिच्या कुप्या लांबच्या एका संस्थेत होत्या. एके दिवशी तिथून फोन आला. जागा नाही, जुना माल आहे, फेकून देतो. कॉलेजानेही हात वर केले. तेव्हा तिने त्या कुप्या स्वतः जाऊन आणल्या आणि मला भंगारातून उचललं. अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली, मनकर्णाबाईच्या ओसरीत.

खरं सांगतो, माझी निगा पिंकीपेक्षा तिच्या आईनेच जास्त राखली. लाइट गेली की ही बाई घरातल्या सगळ्या गोधड्या माझ्या अंगावर घाली आणि समोर खाट टाकून बसे. शेजारणी चिडवत, "मनकर्णाबाई, कुलफी ठेवली का वो आतमधी?" ती म्हणे, "माह्या पोरीचा बरफ हाये. झाकनाले हात लावशीन तं पाहजो!" तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण पेपरवाले फोटो काढायला आले, तेव्हा पिंकीने तिलाच माझ्याजवळ खुर्ची टाकून मधोमध बसवलं.

एक गोष्ट मात्र त्या घरात सलत राहिली. वडील धर्मपाल गेले, तेव्हा पिंकी दक्षिण ध्रुवाच्या बर्फात होती. ती आली तेव्हा भिंतीवर हार घातलेला फोटो होता. "मले त्यायचं तोंड बी दिसलं नाही," असं म्हणून ती माझ्या झाकणावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. आई म्हणाली, "त्यायनंच तुले पाठवलं होतं. रडू नोको. पुढच्या सालीबी जाजो."

यंदाच्या मे महिन्यात ती उत्तर ध्रुवाकडे गेली. इकडे एका दुपारी मनकर्णाबाई खाटेवर टेकली, ती उठलीच नाही. पिंकीचा धाकटा भाऊ नागसेन एसटीत कंडक्टर आहे. त्याने बहिणीला फोन लावला. ती ओरडली, "मी येतो, नागसेन. माह्यासाठी थांबा. बाबाच्या वेळेसारखं नोका करू!" जहाज किनाऱ्याला लागून विमान मिळेपर्यंत दोन-तीन दिवस जाणार होते. नागसेनने मयत ठेवायची थंड पेटी भाड्याने आणली.

आणि त्याच संध्याकाळी वादळ झालं. खांब आडवे झाले, अख्ख्या गावाची लाइट गेली. लग्नसराईमुळे मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रात एकच जुनं जनरेटर उरलं होतं. पेटी आणि मी, दोघांना एकदम लावलं की ते धाप टाकून बंद पडे. आळीपाळीने लावावं, तर त्या उकाड्यात दोन्हीकडचं गेलं असतं. नागसेनने पुन्हा फोन लावला.

"ताई, एकच चालते. आईले लावू का तुह्या फ्रीझरले?"

आणि तिने काही सांगायच्या आत तोच पुढे म्हणाला,

"आई तं नेहमी म्हने, आधी पोरीचा बरफ."

"आई गेली न आता?" पिंकी म्हणाली. "जिंदगीभर तिचंच आयकलं मी. ती जाय म्हने, मी जाय. आता माहं आयक. आईले लाव."

नागसेनने माझी वायर काढली. मित्रांनो, मला रागही आला नाही. शेजारणींनी त्याच गोधड्या माझ्यावर घातल्या. मी थंडी धरून ठेवायची शिकस्त केली. पण मे महिना तो! दुसऱ्या दिवशी आत पहिला थेंब सुटला आणि मग काही माझ्या हातात राहिलं नाही.

पिंकी आली. चपलेसकट धावत आत गेली आणि आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून बसली. बराच वेळ कुणी तिला उठवलं नाही. मेणबत्ती लागली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि माझ्या मनकर्णाबाईला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पिंकीने माझं झाकण उघडलं. कुप्यांत तपकिरी पाणी आणि कुजका वास. नागसेन दाराशीच रडू लागला.

"ताई, अजून आनता येईन ना हे?"

"नाही रे. ज्या जागचा हा बर्फ होता, तिथं आता बर्फच धरत नाही." मग ती खाली बसली. "आई बी गेली, बरफ बी गेला. पण मले आईचं तोंड दिसलं, नागसेन. मी पुन्हा हेच केलं असतं. अन् पुन्हा अशीच रडली असती."

तिने मला स्वतःच्या हातांनी धुतलं, पुसलं आणि लाइट आल्यावर पुन्हा सुरू केलं. माझ्या पोटात काहीही नाही. नागसेन विचारतो, "ताई, रिकामा कायले चालू ठेवतं?" ती म्हणते, "असू दे. घर लय गप झालं."

मित्रांनो, म्हणून मी रिकामाच गुरगुरतो. माझं एक मागणं आहे. एवढ्या मोठ्या देशात त्या कुप्यांना एक कोपरा मिळाला असता, तर एका लेकीला आई की आयुष्याचं काम, असं विचारायची वेळ आली नसती. सगळ्यांच्या मोलाचं काही असेल, तर ते सगळ्यांनी मिळून जपा. एकट्या म्हातारीच्या गोधड्यांवर सोडू नका. ती आपला जीव टाकून जपते हो, पण आई कुणालाच जन्माला पुरत नाही.