शेवाळाचं पाणी

"शेवाळ तिसऱ्यांदा धुताय, काकू?" घरी तपासायला येणारी नर्स स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. "आणि पाणी मोरीत? अहो, जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. काकांना नुसता चोथा वाढताय तुम्ही!"

काकूने कपाळावर हात मारला. "वास मारतं गं फार. आजारी माणसाला ओकारी आली म्हणजे?"

"एकदा खळबळून घ्या, बास. शिजवल्याचं पाणीही वाटीत जाऊ दे. आणि थोडंच द्या हं, सोसेल तेवढं."

गंमत बघा, नवऱ्याने उभा जन्म समुद्रातल्या खडकांवरचं शेवाळ कापून कारखान्याला घातलं, पण घरात कुणी ते जिभेला लावलं नव्हतं. पोती विकायची आणि त्या पैशांची भाजी आणायची, असा कारभार. आता लांबलेल्या तापाने त्याची अन्नावरची वासनाच उडाली होती. पोटात काही गेलं नाही तर काका अंथरुणातून उठायचे नाहीत, असं नर्सने स्पष्ट सांगितलं होतं, आणि शेवाळ शिजवून द्यायलाही तिनेच सुचवलं होतं. तेव्हापासून काकूचा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्या दिवशी वाटी पुढे आली तशी त्याने भिंतीकडची मान वळवली. नाक फुगवून वास घेतला.

"कुठलं हे?"

"बाजारातलं. खा मुकाट्याने."

त्याने घास घेतला, बराच वेळ चघळला. "जून आहे. मेल्याने मुळासकट उपटलंय. असं ओरबाडलं तर पुन्हा फुटणार कसं?"

"अहो, खा ना!"

"खातोय की! तू बोलू देशील तर."

वाटी चाटूनपुसून साफ झाली. तिला इतका आनंद झाला की रडूच कोसळलं.

त्यानंतर हळूहळू भातही जाऊ लागला. ताकद आली तसा तो काठी टेकत किनाऱ्यावरच्या कठड्यापर्यंत पोचला. खडकांवर उतरणं आता त्याच्या नशिबी नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून विळा घेऊन तीच गुडघाभर पाण्यात उतरली.

"मुळाशी नको! वरून काप, वरून! चार बोटं राहू दे खाली! इतकी वर्षं संसार केलास, एवढं कळेना?"

पलंगापलीकडे न जाणारा त्याचा आवाज आज पार होड्यांपर्यंत पोचत होता. तिला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं. तरी तिने विळा पुन्हा मुळाजवळ नेला आणि तो ओरडायची वाट बघत तशीच वाकून राहिली.